चार नंबरचं पाणी

शालिग्राम पहिल्यांदा आमच्या ऑफिसात आला तेव्हा अध्यक्ष सुकदेव आबांनी त्याला सहा प्रश्न विचारले आणि त्याने सहाही प्रश्नांना नुसती मान हलवली. आबांनी माझ्याकडे वळून हळूच विचारलं, याला ऐकू येतं ना? मी म्हटलं, येत असावं, पॉलिटेक्निक पास आहे.

मी वना. फैजपूरपासून तीन-चार किलोमीटरवर केळीवाल्यांच्या एका सहकारी संस्थेचा चाळीस एकरांचा, एक ते पाच नंबरांत वाटलेला नमुना मळा होता, तिथे मी कारकून होतो. पत्रं टाइप करायची, हजेरी लिहायची, आणि आबा जे बोलायचं टाळतात ते त्यांच्या वतीने बोलायचं, हे माझं काम. यातलं शेवटचं काम सगळ्यांत मोठं. आबांना कशाचीही सुरुवात करायची हौस दांडगी, नारळ फोडायला ते कुठेही जात. पण कुणाला शेवटचं काही सांगायचं म्हटलं की त्यांना हमखास कुठलं तरी लग्न आठवायचं. त्या दिवशीही प्रश्न संपले तसे ते उठले आणि जीपमध्ये बसून निघून गेले. शालिग्राम खुर्चीतच. सर्टिफिकेट परत पिशवीत घालायचं की नाही, ते त्याला कळेना. मला त्याची दया आली. मी म्हणालो, "उद्यापासून या."

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला तो ऑफिसच्या पायरीवर येऊन बसला होता. ऑफिस दहाला उघडायचं.

ही गोष्ट अठ्ठ्याण्णव सालच्या पावसाळ्यातली. आबांनी नाशिकच्या कुठल्याशा प्रदर्शनात कॉम्प्युटर पिकाला पाणी देतो असं पाहिलं होतं आणि तेव्हापासून त्यांना तेच हवं होतं. शालिग्राम मूळचा शिंदखेडा तालुक्यातला. धुळ्याला डिप्लोमा करून पुण्यात दीड वर्ष एका कंपनीत राहिला, तिथे जावा नावाची प्रोग्रॅम लिहायची भाषा शिकला, आणि वडील वारल्यावर आई भागाबाई एकटी पडली म्हणून परत आला. वडील निंबा सालदार होते. सालदार म्हणजे वर्षाच्या बोलीने ठेवलेला गडी. आमच्याकडे तो आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ठरतो तो पुढच्या आखाजीपर्यंत. मालक त्याच्या हातात नारळ आणि टॉवेल देतो आणि चार माणसांत म्हणतो, तुझं साल लागलं. वर्ष संपलं की त्याच तोंडाने म्हणायचं, तुझं साल भरलं, मोकळा झालास. वर्षाच्या मध्येच त्याला मरण आलं तरी लोक म्हणत, गडी साल अर्धं टाकून गेला.

आमच्या मळ्यावरही असा एक सालदार होता, पितांबर. कागदोपत्री त्याला वॉटरमन म्हणायचे, पण ठरवला होता आखाजीला, जुन्याच पद्धतीने. त्या आखाजीला आबा नेहमीप्रमाणे सुरतेला लग्नाला गेले होते. नारळ मीच दिला, टॉवेल मीच दिला, आणि चार माणसांत मीच म्हणालो, पितांबरभाऊ, तुमचं साल लागलं. मला ते कारकुनी कामातलंच एक काम वाटलं. संध्याकाळपर्यंत मी विसरूनही गेलो.

शालिग्रामने पितांबरला जेवढं ओळखलं तेवढं मी पाच वर्षांत ओळखलं नव्हतं. कॉम्प्युटरचं मशीन यायच्या आधी तो चार दिवस चार नंबरच्या मळ्यात त्याच्या मागे फिरला. शेतीची लाईट आमच्याकडे दुपारी बारा वाजता यायची. पितांबर लगेच पंप चालू करत नसे. दहा मिनिटं थांबायचा, व्होल्टेज ठरू द्यायचा. बारा दहाला पंप. बारा पंचवीसला बंद, कारण तेवढ्यात विहीर उपसून जायची आणि झरा भरायला पाच मिनिटं लागायची. त्या पाच मिनिटांत बायको द्रौपदाबाई क्वार्टरमधून भाकरी घेऊन यायची आणि तो बांधावर बसून खायचा. साडेबाराला परत पंप. पाऊणला बंद. शालिग्रामने हे सगळं वहीत लिहून घेतलं आणि तसंच्या तसं मशीनमध्ये उतरवलं. पितांबरला त्याचं फार कौतुक. मला म्हणाला, पोरानं मले खोक्यात बसाडं.

दसऱ्याला आबांनी मशीनची पूजा केली. झेंडू, हळदकुंकू, वर लिंबू-मिरची, आणि बटणाभोवती लाल नाडा. म्हणाले, मी चालू केलंय, पुढच्या दसऱ्याला मीच बंद करीन, तोवर कुणी हात लावायचा नाही. लाईट जाईल म्हणून बॅटऱ्या आणल्या, जनरेटर आणला. शालिग्रामने एकदाच म्हणून पाहिलं की मशीन मधूनमधून बंद करून चालू केलेलं बरं असतं. आबांनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो पुढे कधी त्या वाटेला गेला नाही.

मशीनमधलं मला काही कळत नसे, पण शालिग्राम मला समजावून सांगायचा, कारण दुसरं ऐकणारं कुणी नव्हतं. प्रत्येक मळ्याचा प्रोग्रॅम वेगळा. मशीन चालू ठेवूनच एखादा मळा त्यात लावायचा आणि नको झाला की काढून टाकायचा. मळा लावला की प्रोग्रॅम एक गडी कामाला लावतो. तो घड्याळाकडे बघत बसतो, वेळ झाली की पंपाला हुकूम देतो, आणि पुन्हा झोपतो. त्याला त्यांच्या भाषेत थ्रेड म्हणतात, म्हणजे धागा. शालिग्राम प्रत्येक धाग्याला नाव द्यायचा, त्या मळ्यावर जो माणूस पाणी देई त्याचं. चार नंबरच्या धाग्याचं नाव पितांबर.

पितांबर माघ महिन्यात गेला. छातीत कळ आली आणि भर दुपारी तो बांधावरच आडवा झाला. आम्ही पोहोचलो तेव्हा व्हॉल्व्हची चावी त्याच्या मुठीत होती आणि पाणी चालू होतं. शालिग्रामने मुठीतली चावी सोडवली. बोटं उघडायला फार वेळ लागला.

चार नंबरचा माल तसाही संपत आला होता. होळीपर्यंत बाग निघाली, खोडं तोडून बांधावर रचली. आबांनी सांगितलं, चार नंबर यंदा पडीक ठेवा. शालिग्रामने मशीनमधून चार नंबरचा मळा काढून टाकला. मी पाहिलं, स्क्रीनवर एक, दोन, तीन, पाच एवढेच आकडे उरले होते.

चैत्र लागला त्या सुमारास वायरमन हिलाल धापा टाकत ऑफिसात आला आणि म्हणाला, चार नंबरचा पंप आपोआप चालू झालाय. तेव्हा बारा वाजून अकरा मिनिटं झाली होती.

मी हसलो. खोटं कशाला बोलू, मी हिलालला पाणी दिलं आणि उन्हात टोपी घालत जा म्हणालो. दुसऱ्या दिवशी मात्र स्वतः गेलो. चैत्रातली दुपार, चव्वेचाळीस डिग्री, एक पाखरू ओरडत नव्हतं. उघडी काळी जमीन आणि तिच्यात तोडलेल्या खोडांचे गोल ठसे. मी बांधावर उभा राहिलो आणि बारा दहाला विहिरीत मोटर गुरगुरली. नळ्यांमधून पाणी आलं आणि जिथे जिथे केळ होती तिथे तिथे जमीन ओली होऊ लागली. रांगेने, एकामागून एक, कुणीतरी हाताने दिल्यासारखं. बारा पंचवीसला पंप थांबला. त्या शांततेत मला बांगड्या वाजल्याचं ऐकू आलं.

पलीकडच्या बांधावर द्रौपदाबाई बसली होती. समोर फडक्यावर भाकरी, कांदा, पाण्याचा तांब्या. डोक्यावर पदर आणि वर रखरखतं ऊन. मी जवळ गेलो, विचारलं, वहिनी, इथे काय करता? तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलंही नाही.

"त्या येतस. पानी देतस," ती म्हणाली. "मी भाकर नको देऊ का?"

साडेबाराला पंप परत चालू झाला. तेव्हा ती उठली, भाकरी तशीच बांधावर ठेवून क्वार्टरकडे चालू लागली. मी तिच्या मागोमाग निघालो, आणि मागे वळून पाहायची माझी हिंमत झाली नाही, हे इथे लिहून टाकतो.

त्यानंतर हे रोजचंच झालं. हिलालने एक दिवस बारा वाजता जाऊन फ्यूज काढला. दुसऱ्या दिवशी तो तापाने फणफणला आणि चार दिवस घरी पडला. उन्हाचा ताप असेल, त्या महिन्यात कुणालाही आला असता. पण मग फ्यूजला हात लावायला कुणी तयार होईना. कायमचा काढावा तर त्याच पंपावर दुपारी नर्सरीचं आणि क्वार्टरांचं पाणी. माणसं चार नंबरला वळसा घालून जाऊ लागली. आबांनी गुपचूप एक भगत आणला, त्याने कोंबडं घेतलं आणि बारा वाजायच्या आत निघून गेला.

यात द्रौपदाबाईचा जीव जायची वेळ आली. ती रोज त्या उन्हात बसायची. एकदा भोवळ येऊन पडली, आठ दिवसांनी पुन्हा पडली. फैजपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, तिसऱ्यांदा पडली तर उठणार नाही. तिला मूलबाळ नव्हतं. अमळनेरहून तिचा भाऊ चिंधा तिला न्यायला आला आणि क्वार्टरच्या ओट्यावर बसून राहिला. येताना त्याने मातीची नवी घागर आणली होती. आखाजी जवळ आली होती, आणि आमच्याकडे आखाजीला घरातल्या गेलेल्या माणसाच्या नावाने घागर भरतात. द्रौपदाबाईने ती कोपऱ्यात पालथी घालून ठेवली. चिंधाने हात जोडले, रडला, रागावला. तिचं म्हणणं एकच.

"घागर मेल्या मानूसनी भरतस. त्यासनं साल भरनं नही आजून. त्यासले कोनी सांगं का, मोकया व्हयनात म्हनीसन?"

कुणी सांगितलं नव्हतं, हे खरंच होतं.

शालिग्राम त्या दिवसांत अर्धा झाला होता. जेवत नव्हता. मशीन हळूहळू जड होत चाललं होतं, एक पान उघडायला मिनिट लागे. आखाजीच्या चार दिवस आधी त्याने मला मशीनच्या खोलीत बोलावलं आणि दार लावून घेतलं. मशीनमध्ये या क्षणी जेवढे धागे जिवंत आहेत त्यांची यादी काढायचा त्याने एक लहानसा प्रोग्रॅम लिहिला होता. त्याने बटण दाबलं. काळ्या स्क्रीनवर पांढऱ्या इंग्रजी अक्षरांत नावं आली. एक नंबरचा पुना. दोन नंबरचा भटू. तीन आणि पाच नंबरची माणसं. आणि मग खाली, एकाखाली एक: पितांबर. पितांबर. पितांबर.

मी म्हटलं, हा तर काढून टाकला होतास ना?

त्याने सांगितलं ते असं. मळा काढला म्हणजे मळ्याचा कागद फाटतो, गडी जात नाही. प्रोग्रॅमच्या शेवटी एक जागा असते, तिथे मागचं आवरायचं असतं. जो गडी लावला त्याला परत बोलवायचं, काम संपलं म्हणून सांगायचं. शालिग्रामने ती जागा मोकळी ठेवली होती, नंतर लिहू म्हणून. तेव्हा काढून टाकलेल्या मळ्याचा गडी अजून घड्याळाकडे बघत बसला होता. आणि तो बसलाय तोवर त्याच्या मळ्याचं सगळं सामानही मेमरीत तसंच पडून होतं, कारण त्याने ते धरून ठेवलं होतं. म्हणून मशीन जड झालं होतं. नवीन प्रोग्रॅम लावून त्याला थांबवता येईना, कारण नव्या प्रोग्रॅमला जुना गडी ओळखत नाही. यादीतून नाव शोधून त्याला हाक मारली, तर तो जागा होतो आणि परत झोपतो. तसं शालिग्रामनेच लिहून ठेवलं होतं: कुणी मध्येच उठवलं तर लक्ष देऊ नको. मान मोडायचाही एक हुकूम होता, पण तशी मान मोडली तर गड्याच्या हातातलं काम अर्धवट सांडतं आणि बाकीच्या मळ्यांचे धागेही बिघडू शकतात. मग एकच उपाय, सगळं मशीन बंद करायचं. आणि बटणावर आबांचा नाडा.

मी विचारलं, पण तीन कसे?

तो म्हणाला की त्याने चार नंबरचा मळा दोनदा लावला होता, एकदा दसऱ्याला आणि एकदा पौषात, दुरुस्ती करून. दोन गडी त्याने लावले, ते त्याचे. तिसरा कुणी लावला, ते त्याला सापडत नव्हतं. त्याने तीन रात्री वही तपासली होती.

मग त्याने मला वडिलांचं सांगितलं. एवढं सलग बोलताना मी त्याला त्याआधी कधी ऐकलं नव्हतं, नंतरही नाही. निंबा ज्या मालकाकडे होता तो एका वर्षी मुलासोबत सुरतेला गेला आणि वावर परस्पर विकून टाकलं. घेणाऱ्याने ते पडीक ठेवलं. निंबाला कुणी काही सांगितलं नाही. तो रोज जायचा, मोट होती तोवर मोट, मग इंजिन, त्या पडीक रानाला पाणी द्यायचा. बाभळी वाढल्या, तो बाभळींना पाणी देत राहिला. लोक म्हणाले झपाटलाय. शेवटी भागाबाई एकटी सुरतेला गेली आणि मालकाचे पाय धरून त्याला घेऊन आली. म्हातारा मालक बांधावर उभा राहिला आणि म्हणाला, निंबा, तुझं साल भरलं. निंबाने फावडं तिथेच खाली ठेवलं, घरी आला आणि दोन दिवस झोपला.

"मना बाप तीन साल पडीक वावरले पानी देत व्हता, वनाभाऊ," शालिग्राम म्हणाला. "ज्यानी लावं त्यानीच सोडाले पाहिजे. हाई माले म्हाईत व्हतं. तरी मी ती जागा मोकयी ठेवी."

त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. मी त्याच्यासाठी चहा आणायला गेलो, आणि खरं सांगायचं तर त्या यादीपासून दूर जायला मला निमित्तच हवं होतं.

आम्ही दोघं आबांकडे गेलो. शालिग्रामने दोन गोष्टी मागितल्या. मशीन बंद करायची परवानगी द्या, आणि आखाजीला बांधावर येऊन पितांबरचं साल भरलं एवढं एक वाक्य म्हणा. आबांनी दोन्हीला नकार दिला. दसऱ्याला चालू केलेलं दसऱ्यालाच बंद होईल. आणि पुढच्या आठवड्यात पाहणी करायला साहेब लोक येणार आहेत, त्यांच्या कानावर गेलं की अध्यक्ष भुताला निरोप देतात तर काय तोंड दाखवायचं? शिवाय आखाजीला सुरतेला लग्न होतं. बाहेर आल्यावर शालिग्राम मला म्हणाला की नाडा तो स्वतः तोडणार आहे. मी म्हटलं, नोकरी जाईल. त्याने मान हलवली, मुलाखतीत हलवली होती तशीच.

आखाजीच्या दिवशी मळ्यावर सुट्टी होती. गावात झोक्यावरची गाणी चालू होती, वाऱ्याबरोबर मधूनच ऐकू यायची. पावणेबाराला शालिग्रामने नाडा कापला, बटण बंद केलं, बॅटऱ्यांच्या वायरी काढल्या आणि वर भिंतीतली पिनही उपटून हातात धरली. मशीनचा पंखा घरघरत थांबला. सात महिने मी तो आवाज ऐकत आलो होतो, तो गेल्यावर खोली मोठी वाटू लागली. त्याने मला सांगितलं, तुम्ही चार नंबरला जा, वहिनी एकट्या असतील. आज पाणी येणार नाही. कुणीतरी त्यांच्याजवळ पाहिजे.

मी गेलो. चिंधा लांब बाभळीखाली उभा होता, बहिणीला उचलून न्यायच्या तयारीने. द्रौपदाबाई बांधावर. भाकरी फडक्यावर, सणाची सांजोरीही होती. तिचे ओठ सुकून फुटले होते आणि ती बसल्या जागी डुलत होती. मी तिच्या बाजूला माझी सावली पडेल असा उभा राहिलो. बारा वाजले. लांबवर हिलालच्या घरचा रेडिओ चालू झाल्याचा आवाज आला, म्हणजे लाईट आली. बारा पाच. मी घड्याळ बघत होतो आणि मनात ठरवत होतो की बारा पंधराला तिला म्हणायचं, वहिनी, चला, नाही येत आता ते.

बारा दहाला मोटर गुरगुरली.

मी ऑफिसकडे पाहिलं. खिडकीत शालिग्राम उभा होता, पाठमोरा, आणि त्याच्या हातातली वायर मला इथून दिसत होती. पाणी आलं. पहिली जागा ओली झाली, मग दुसरी, मग तिसरी. रांगेने आमच्याच दिशेने. द्रौपदाबाईने पदर सावरला, घरचं माणूस आलं की सावरतात तसा, आणि उठायला गेली, आणि तिचा तोल गेला. मी तिला धरलं. तिचं अंग भाजत होतं. तिसऱ्यांदा पडली तर उठणार नाही, हे डॉक्टरांचे शब्द माझ्या कानात होते.

तेव्हा मला समजलं. दोन गडी शालिग्रामने लावले होते, ते त्याने सोडले. तिसरा मी लावला होता. याच बांधावर, मागच्या आखाजीला, चार माणसांत. नारळ माझ्या हातचा होता, शब्द माझ्या तोंडचा होता, आणि मी संध्याकाळपर्यंत विसरलोही होतो.

मला भीती वाटत होती. आयुष्यात मी हजारो पत्रं टाइप केली, पण ते एक वाक्य म्हणायला मला किती वेळ लागला ते सांगता येणार नाही. पाणी आमच्यापासून दोन हातांवर आलं तेव्हा मी म्हणालो.

"पितांबरभाऊ, तुमचं साल भरलं. तुम्ही मोकळे झालात. माझं सांगायचं राहून गेलं होतं."

मोटर थांबली. माझ्या घड्याळात बारा सतरा झाले होते. इतके दिवस ती कधी बारा पंचवीसच्या आधी थांबली नव्हती.

द्रौपदाबाई बराच वेळ ऐकत राहिली. मग तिने भावाला हाक मारली आणि घागर आणायला सांगितली. चिंधा पळत गेला. नळीच्या तोंडातून अजून थोडं पाणी ठिबकत होतं, त्याखाली तिने घागर धरली आणि ती भरेपर्यंत उकिडवी बसून राहिली. घागर भरल्यावर तिने पितांबरचं नाव घेतलं आणि पहिल्यांदा मोठ्याने रडली. संध्याकाळच्या एसटीने ती भावाबरोबर अमळनेरला गेली. पुढे पंधरा वर्षं जगली, चांगली जगली, असं चिंधाकडून कळलं.

मी ऑफिसात परतलो तेव्हा शालिग्राम बंद मशीनपुढे बसला होता, पिन अजून मुठीत. त्याने विचारलं, पाणी आलं का? मी म्हटलं, थांबलं. हे खरंच होतं. पण त्याला जे समजायचं ते तो समजला, आणि मी समजू दिलं. रिले, म्हणजे पंपाला लाईट सोडणारा खटका, चिकटला असेल, असं हिलाल नंतर म्हणाला. असेल. त्या पंपाबद्दल मी शालिग्रामला कधीच काही सांगितलं नाही.

आबा सुरतेहून आले, कापलेला नाडा त्यांनी पाहिला, आणि काही बोलले नाहीत. मशीनच्या खोलीला कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली आणि जीपमध्ये बसून गेले. पत्र नाही, शब्द नाही. शालिग्राम दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला पायरीवर येऊन बसला. तिसऱ्या दिवशीही. दहाला मी ऑफिस उघडायचो, तो आत यायचा नाही, कुलपाकडे बघत पायरीवरच बसायचा. बारा दहाला उठून चार नंबरकडे तोंड करून उभा राहायचा आणि परत बसायचा. संध्याकाळी सहाला जायचा. मी आबांना दोनदा विचारलं. त्यांना दोनदा लग्न आठवलं. माणसं आता पायरीलाही वळसा घालू लागली होती.

असे आठ दिवस गेले. नवव्या दिवशी सकाळी त्याला बसलेला पाहिला आणि मला आठवलं. याला उद्यापासून या म्हणणारा कोण होता? मीच.

मी त्याच्या शेजारी पायरीवर बसलो. म्हणालो, "शालिग्राम, तुझं इथलं साल भरलं. मोकळा झालास बाबा."

त्याने खाली वाकून चपलांची पट्टी नीट केली, उठला, पॅंटची धूळ झटकली.

"मंग जास मी, वनाभाऊ," म्हणाला.

मी त्याला फाटकापर्यंत सोडायला गेलो आणि धुळ्याची एसटी हलेपर्यंत रस्त्यावर उभा राहिलो. दुसऱ्या दिवशी मला पहाटेच जाग आली. साडेसातला ऑफिसवर जाऊन पाहिलं, पायरी रिकामी होती. मी तिच्यावर बसलो आणि दहा वाजेपर्यंत बसून राहिलो.